चमचाभर दही

दातांच्या डॉक्टरांसमोर खोटं बोलायला मी वयाच्या नवव्या वर्षी शिकले. तेव्हा आम्ही पनवेलजवळच्या आपटा गावात राहायचो. माझी खालची दाढ किडली होती आणि गाल सुजून डोळ्यापर्यंत पोचला होता. आईची लवंग झाली, हिंग झाला, कापूर झाला, आणि शेवटी वडिलांनी कचेरीत रजा टाकून मला एसटीने पनवेलला आणलं. गाडीत ओळखीचं कुणी ना कुणी भेटत होतं आणि वडील प्रत्येकाला सांगत होते, "आमची पोरगी धीट आहे. हूं की चूं करायची नाही." मी खिडकीशी गाल धरून बसले होते.

दवाखाना बाजाराजवळच्या एका माडीवर होता. डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली, जरा वेळ थांबले, मग चिमट्याने दाढेवर टकटक करत विचारलं, "बधिर झालं ना? दुखत नाही ना?"

दुखत होतं. टकटक केली तीच थेट कानात गेली होती. आज मला माहीत आहे की दाढेखाली पू झाला असला की बधिर करायचं इंजेक्शन कधीकधी लागूच पडत नाही. मग आणखी एक सुई देतात, किंवा आधी चार दिवस गोळ्या देऊन पू कमी करतात. त्यासाठी फक्त "दुखतंय" एवढं म्हणायचं होतं. पण दाराशी वडील उभे होते, हातात टोपी धरून, माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत. मी "नाही" म्हणाले.

पुढचं मी लिहीत नाही. ती दाढ निघताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो, एवढंच सांगते. वडिलांनी परत येताना मला हिरव्या बांगड्या घेतल्या आणि गाडीत पुन्हा सगळ्यांना सांगितलं. मी तोंडात कापूस धरून मान डोलावत होते.

दुसरी भीती माझी स्वतःची नव्हती, ती आख्ख्या आळीची होती. आमच्या शेजारच्या काकांना कसल्याशा ऑपरेशनसाठी पूर्ण भूल दिली आणि ते घरी आले ते चादरीत गुंडाळून. काय झालं, का झालं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बायका ओट्यावर बसून एवढंच म्हणायच्या, "भूल उतरलीच नाय." तेव्हापासून भूल म्हटलं की मला एक विहीर दिसते, ज्यात माणसाला उतरवतात आणि वर ओढायला दोर पुरेल की नाही ते कुणी सांगत नाही. पुढे मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मुलांना श्वसनसंस्थेच्या आकृत्या काढून दिल्या, तरी ती विहीर काही बुजली नाही.

आता मी चौसष्ट वर्षांची आहे. खांदा कॉलनीत मुलगा, सून आणि नातीबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहते. नात साडेचार वर्षांची आहे. सुनेचं ऑफिस बेलापूरला, मुलाचं त्याहून लांब, त्यामुळे नात तीन महिन्यांची असल्यापासून दिवसभर माझ्याकडेच. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. हा गुन्ह्याचा तपशील आहे. दुपारी ती झोपावी म्हणून मी तिला दुधाची बाटली द्यायचे, आणि ती लवकर झोपावी म्हणून बाटलीत साखर घालायचे. बाटली तोंडात तशीच ठेवून पोरगी तासन्‌तास झोपायची आणि मीही शेजारी घोरायचे. वरचे पुढचे दात आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग टोकाकडून झिजत गेले. मी म्हणायचे, "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत."

एका सकाळी ती उठली ती गाल सुजवून. अगदी माझा नऊ वर्षांचा गाल. ताप होता.

नवीन पनवेलमध्ये लहान मुलांच्या दातांच्या एक डॉक्टर आहेत, माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या वयाच्या. त्यांनी तोंड बघितलं आणि आकडा सांगितला. आठ दात किडलेले, त्यांतल्या दोनांच्या मुळाशी पू. मग विचारलं, "बाटलीतून दूध? साखर घालून?" सून म्हणाली, "साखर नाही हो, आम्ही घालत नाही." मी भिंतीवरचा जिराफ बघत होते. जिराफ दात घासत होता.

आधी पुवाच्या गोळ्या झाल्या, सूज उतरली. मग डॉक्टरांनी सोपं ते आधी करून बघितलं. हिरडीवर स्ट्रॉबेरीच्या वासाची जेली लावायची, म्हणजे वरची कातडी बधिर होते आणि सुईचं टोचणं कळत नाही, मग इंजेक्शन. "आपण दाताला झोपवूया हं," असं त्या म्हणत होत्या आणि सुई हाताआड लपवून आणत होत्या. नातीने सुई बघितली नाही, पण डॉक्टरांच्या बोटाला ती कडकडून चावली. दुसऱ्या खेपेला हसण्याचा वायू. नाकावर छोटा रबरी मुखवटा लावतात, त्यातून हळूहळू श्वास घेतला की मूल जागंच राहतं पण सैलावतं, भीती ओसरते. अट एकच, श्वास नाकाने घ्यायचा. आमची पोरगी भोकाड पसरून रडत होती, म्हणजे सगळा श्वास तोंडाने. वायू खोलीभर पसरला असेल, हसलं मात्र कुणी नाही. तिसऱ्या खेपेला गुंगीचं गोड सिरप दिलं. बहुतेक मुलं त्याने पेंगतात. काही थोडी मुलं उलट पेटतात, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या. आमची त्या थोड्यांतली. अर्धा तास ती खुर्चीवरून उड्या मारत होती आणि मग तिने सुनेच्या साडीवर उलटी केली.

"आता पूर्ण भूलच," डॉक्टर म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. एकदाच झोपवून आठही दातांचं काम करू. थांबलो तर पुन्हा पू होईल, आणि लहान मुलांत तो पसरायला वेळ लागत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर चादर आली. घरी येऊन मी म्हणाले, "चार दातांसाठी पोरीला मरणाच्या दारात न्यायचं?" मुलगा म्हणाला, "आई, आठ." सुनेने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मला समोर बसवून सगळं समजावून सांगायला लावलं. मला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं. त्यांनी सांगितलं की हल्लीच्या यंत्रावर प्रत्येक श्वास दिसतो, प्रत्येक ठोका ऐकू येतो, भूलतज्ज्ञ एक मिनिट सोडून जात नाहीत. धोका अगदी थोडा, पण त्यातली एक गोष्ट घरच्यांच्या हातात असते. पोट रिकामं पाहिजे. भुलीत माणूस गिळायचं विसरतो, खोकायचं विसरतो. पोटात काही असलं आणि ते वर आलं, तर ते सरळ श्वासनलिकेत उतरतं. "मग विषय दातांचा राहत नाही," त्या म्हणाल्या. ही नळी आणि ती नळी, मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती.

सुनेने सूचनांचा कागद फ्रिजवर लावला. रात्रीच्या जेवणानंतर काहीही नाही. दूध नाही, चहा-बिस्किट नाही, प्रसादसुद्धा नाही. सकाळी सहापर्यंत घोटभर साधं पाणी चालेल. 'प्रसादसुद्धा' वाचून मी हसले. "डॉक्टरांना आपली माणसं बरोबर ठाऊक आहेत," मी म्हणाले. सूनही हसली.

त्या सकाळी सातला निघायचं होतं. मी पाचलाच उठले. देवापुढे बसले पण एकही ओळ धड आठवेना. नातीने उठल्या उठल्या दूध मागितलं, मी दिलं नाही. बिस्किट मागितलं, दिलं नाही. डबे वरच्या फळीवर ठेवून दिले. मी पहारेकऱ्यासारखी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हे लिहिताना मला माझीच कीव येते.

आमच्या घरात महत्त्वाच्या कामाला बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तळहातावर दही-साखर ठेवायची पद्धत आहे. माझी आई ठेवायची. मी लग्न होऊन आल्यावर सासूबाई ठेवायच्या. पुढे मी ठेवत आले. आमच्या यांच्या मुलाखतींना, मुलाच्या प्रत्येक परीक्षेला, सुनेच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. त्यात विचार नसतो; साखर कालवलेली वाटीसुद्धा हात आपोआप दाराशी आणून ठेवतो. दाराची कडी वाजते, हात वाटीकडे जातो, चमचा तळहातावर रिकामा होतो, "येते म्हण" असं तोंड म्हणतं. सून लिफ्ट धरून बाहेर उभी होती. मुलगा गाडी काढायला खाली गेला होता. नात दाराशी चपला घालून उभी होती, गुलाबी फ्रॉकमध्ये, तोंड एवढंसं करून. माझा जीव गलबलला. तिने सवयीने हात पुढे केला. मी सवयीने चमचा पुढे केला. तिने तळहात चाटला. "येते म्हण," मी म्हणाले. "येते," ती म्हणाली.

मला कळलं ते गाडीत. कळंबोलीच्या बाजूला जाताना लोखंडाच्या सळया भरलेले ट्रेलर आडवे आले, मुलाने कचकन ब्रेक दाबला, मी नातीला सावरायला हात पुढे केला आणि माझ्या बोटांना दह्याचा वास आला.

मी नातीकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका होता. मी तो पदराने पुसला. माझ्या हाताने जे केलं ते नकळत केलं होतं, पण हे पुसणं नकळत नव्हतं.

त्या पंधरा मिनिटांत मी स्वतःला काय काय सांगितलं! चमचाभर तर होतं. अर्धं तिच्या हातालाच राहिलं असेल. दही म्हणजे काही जेवण नव्हे. कागदावर दूध लिहिलंय, चहा लिहिलाय, दही कुठे लिहिलंय? शाळेत गृहपाठ न केलेली मुलं असलीच कारणं द्यायची आणि मी त्यांना बाकावर उभं करायचे. आणि या सगळ्याखाली एक वेगळीच, लाजिरवाणी भीती होती. सुनेला काय सांगायचं? साखरेची बाटली मी, दहीही मीच? मुलाने दोनदा रजा बदलून घेतली होती. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली होती. पोरगी उपाशी होती. मी बोलले असते तर सगळं बारगळलं असतं, आणि ते माझ्यामुळे.

हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आले. पन्नाशीचे, शांत, हिरव्या कपड्यांतले. त्यांनी नातीची छाती तपासली, सर्दी-खोकला विचारला, हलणारा दात आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "रात्रीपासून पोटात काही नाही ना?"

"काही नाही," सून म्हणाली. "सहाला दोन घोट पाणी, बस."

ते माझ्याकडे वळून हसले. "आजी, तुम्ही लाडाने गुपचूप काही भरवलं नाही ना?"

"छे हो," सून माझ्याआधीच म्हणाली. "आईंनी तर सकाळपासून डबे लपवून ठेवलेत. त्या आहेत म्हणून मी निर्धास्त आहे."

मला वडील दिसले, हातात टोपी धरलेले. माणसं आपलं कौतुक करतात तेव्हा खरं बोलायला किती जड जातं, हे मला त्या वयात ठाऊक नव्हतं, आता होतं, आणि तरी मी मान हलवली. "नाही," मी म्हणाले.

सिरपने ती पेटते हे माहीत असल्याने या खेपेला आधी गुंगी द्यायची नव्हती. थेट मुखवट्यातून वायू देऊन झोपवायचं आणि झोपल्यावर शिरेत सुई लावायची, असं ठरलं होतं. ती झोपेपर्यंत घरचं एक माणूस आत येऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. सून जाणार होती. पण आत न्यायला आल्यावर नातीने माझ्या गळ्याला मिठी मारली ती सोडेना. सुनेने दोनदा हात सोडवून बघितला. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "आई, तुम्हीच जा."

कपडे बदलायच्या खोलीत एका मावशींनी मला हिरवा झगा चढवला. पनवेलजवळच्याच कुठल्या गावच्या असाव्यात. नात माझ्या कडेवर, त्यामुळे झग्याच्या नाड्या मला बांधता येईनात. मावशींनीच त्या मागून बांधल्या. "घाबरू नका, आजी," त्या म्हणाल्या. "आमी रोज बगतो. डॉक्टर चांगला हाय. पोरीच्या पोटात काय नाय ना? मंग कायपन नाय होत."

मी नातीच्या केसांवरून हात फिरवला. मावशींनी माझ्या डोक्यावर टोपी चढवली आणि दार ढकललं.

आत फार थंडी होती. वर मोठा गोल दिवा, कडेला यंत्र, त्यावर हिरवी रेघ. दातांच्या डॉक्टर हातमोजे घालून उभ्या होत्या, त्यांच्या ट्रेमध्ये छोट्या छोट्या चंदेरी टोप्या, नातीच्या दाढांवर बसवायच्या. नातीला टेबलावर ठेवलं. तिने माझं बोट घट्ट पकडलं. बोटाला चिमटा लावला आणि यंत्र तिच्या ठोक्यांचा आवाज करू लागलं. टुक टुक टुक, फार भराभर. भूलतज्ज्ञ म्हणाले, "बघ, हा फुगा आहे. तू फुंकलंस की मोठा होतो." आणि मुखवटा तिच्या तोंडाकडे नेला.

मला नळ्या दिसल्या. ही अन्नाची, ही श्वासाची, मध्ये एक छोटं झाकण. माझ्याच हाताने काढलेली आकृती. झाकण झोपलं आहे आणि वरून पांढरं काही उतरतंय. मुखवटा तिच्या नाकापासून चार बोटांवर होता.

"थांबा," मी ओरडले. ओरडलेच. "मी दही दिलंय."

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. मुखवटा बाजूला झाला. "किती? कधी?"

"चमचाभर. साखर घालून. सातला. निघताना." आणि मग मी नऊ वर्षांच्या पोरीसारखी रडायला लागले.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी वायूची कळ बंद केली, स्टुलावर बसले आणि टोपी काढून कपाळ पुसलं. त्या माणसाला घाबरलेलं बघून माझा उरलासुरला जीव गेला. तोपर्यंत कुठेतरी वाटत होतं की मी उगाच भितेय, चमचाभर दह्याने काय होणार. "दही म्हणजे आम्हाला जेवणच, आजी," ते हळूच म्हणाले. "बहुतेक काही झालंही नसतं. पण झालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आत्ता विचारू नका." दातांच्या डॉक्टरांनी ट्रे झाकला.

मी नातीला कडेवर घेऊन बाहेर आले तेव्हा सून धावत आली. पाच मिनिटांत परत आलेलं बघून तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, कारण दुसरं वाक्य जमलंच नसतं. मुलगा म्हणाला, "आई, तू?" आणि भिंतीकडे वळला. सुनेने नातीला माझ्याकडून घेतलं, तिचं तोंड उघडलं आणि वास घेतला. मग तिला छातीशी धरून बाकावर बसली. नात म्हणाली, "आता बिस्किट?"

पोट रिकामं व्हायला दुपार झाली असती, आणि हॉस्पिटलमध्ये दुपारी जागा नव्हती. तारीख आठ दिवसांनी मिळाली.

ते आठ दिवस मला जन्मठेपेसारखे गेले. घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. सून सगळं नेहमीसारखं करत होती. चहा देत होती, "आई, औषध घेतलंत का" विचारत होती, पण डोळ्यांत बघत नव्हती. चौथ्या दिवशी ती कपडे घड्या घालत असताना मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "बाटलीत साखर मी घालत होते."

तिने घडी पूर्ण केली. "माहीत होतं, आई. बाटली धुताना तळाला दिसायची."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही होतात म्हणून मी नोकरी करू शकले. वाटलं, बोलले तर तुम्हाला लागेल." तिने पुढचा कपडा उचलला. "मी बोलायला हवं होतं. दात तिचे गेले."

आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. नंतर मी फ्रिजवरच्या कागदाखाली, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, 'दही नाही.'

दुसऱ्या खेपेला मी आदल्या दिवशीच दह्याचं भांडं शेजारी नेऊन दिलं. सकाळी दाराशी हात मागे बांधून उभी राहिले. नात चपला घालून आली आणि तिने उजवा हात पुढे केला. पंजा उघडा, वाट बघत.

"आजी, दही?"

सून लिफ्टपाशी नव्हती, माझ्या शेजारी होती. मी तो पंजा बंद केला, मूठ करून. "आल्यावर," मी म्हणाले. नात रुसली आणि "येते" न म्हणताच गेली. तेवढ्यानेही माझ्या मनात चर्र झालं, हे कबूल करते. रीत मोडली म्हणून काही झालं तर, ही भीतीही मी गाडीत बरोबर घेतली. जुनी भीती होतीच.

हॉस्पिटलमध्ये तेच भूलतज्ज्ञ, तेच प्रश्न. या वेळी नात आईच्या कडेवर होती आणि तिथेच खूश होती. आत जायची वेळ झाली. मी बाकावर बसून राहिले. माझा तिथे काही हक्क उरला नव्हता. सून दोन पावलं गेली, थांबली, वळली आणि नातीला माझ्याकडे देत म्हणाली, "तुम्ही जा."

"अगं, ती तुझ्याकडे शांत आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. "आत काही चुकतंय असं मला वाटलं ना, तरी डॉक्टरांसमोर मी गप्प बसेन. तुम्ही ओरडाल."

तीच थंडी, तोच गोल दिवा, तेच यंत्र. टुक टुक टुक. भूलतज्ज्ञांनी मुखवटा हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. "आजी, आज काही?"

"नाही," मी म्हणाले. डॉक्टरांसमोर हा शब्द मी पहिल्यांदाच खरा बोलत होते.

"मग फुगा फुगवू या." मुखवटा नाकातोंडावर बसला. नातीने एकदा डोकं हलवलं, दोनदा हलवलं, डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विश्वास होता, तो मला सोसवत नव्हता. मग डोळे वर गेले, अर्धे मिटले, आणि माझ्या बोटाभोवतीची तिची मूठ एकदम सैल झाली. जिवंत मुलीचा हात इतका सैल होतो हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. टुक टुक चालूच होतं. "झोपली," भूलतज्ज्ञ म्हणाले. "आता तुम्ही बाहेर बसा."

मी हो म्हणाले, पण माझा हात सुटेना. तिने माझं बोट केव्हाच सोडलं होतं, तिचं मनगट मीच धरून ठेवलं होतं. शेवटी मावशींनी येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.